सात नंबरची उशिरा नोंद

सिस्टरना निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, असं त्यांचे यजमान म्हणत. सकाळी सहाच्या ठोक्याला केस चापूनचोपून बांधून, चहाचा कप हातात घेऊन त्या मागच्या दाराच्या आठ पायऱ्या उतरायच्या आणि राउंड सुरू व्हायचा. परसात बारा वाफे होते, प्रत्येकाला नंबर होता आणि प्रत्येकाच्या पायथ्याशी खुंटीला प्लॅस्टिकच्या पिशवीत कार्ड लटकत होतं. टोमॅटोची पानं वळली की त्या आत येऊन सांगायच्या, तीन नंबरची तब्येत बरी दिसत नाही. गल्लीतले लोक हसायचे, आणि हसत हसत त्यांच्याकडूनच रोपं न्यायचे.

स्वयंपाकघराच्या दारावर वर्षभराचा तक्ता होता. कुठल्या आठवड्यात काय पेरायचं, गाजराची विरळणी कधी, अंजिराची छाटणी कधी, लिंबाचं पाणी कधी तोडायचं, सगळं टाकानं लिहिलेलं. पुढे तीन रकाने होते: तारीख, वेळ, सही. नवशिक्या नर्सेसकडून त्यांनी जो नियम तीस वर्षं घोकून घेतला, तोच तक्त्याच्या डोक्यावर लाल शाईत होता: लिहिलं नाही, ते केलं नाही.

अशा बाईंच्या दोन्ही गुडघ्यांनी ऐन हिवाळ्यात राजीनामा दिला. डॉक्टर म्हणाले, एकामागून एक दोन ऑपरेशनं, आणि तीन महिने पायरी नाही. मुलीनं संधी साधली. आईला भिंत धरून, तिरकं पाऊल टाकत उतरताना तिनं पाहिलं होतं, आणि तेव्हापासून तिला नीट झोप नव्हती. परसात फरशी घालू, चार कुंड्या ठेवू, तू खुर्ची टाकून बस, असं तिचं म्हणणं. तिचं चुकत होतं असं कोण म्हणेल? फक्त सिस्टर.

"बाग मी चालवतच नाही, तक्ता चालवतो," त्या म्हणाल्या. "तीन महिने तुझे बाबा तक्ता बघून करतील. बाराच्या बारा वाफे नेहमीसारखे निघाले, तर फरशीचं नाव काढायचं नाही. एक जरी वाया गेला, तर खुशाल गवंडी घेऊन ये."

बाबांना कुणी विचारलंच नव्हतं. ते घड्याळजी. उभा जन्म खिडकीपाशी बसून भिंगातून चाकं बघण्यात गेला, नखात माती गेली तर त्यांना जेवण जात नसे. पण लिहिल्याबरहुकूम काम करणं हा त्यांचा पिंडच होता. गाजराची विरळणी त्यांनी घड्याळाच्या चिमट्यानं केली. अंजिराची फांदी कापण्याआधी पट्टीनं मोजली. बियांची खोली मिलिमीटरमध्ये विचारायला ते पुढच्या खोलीत, सिस्टरच्या पलंगापाशी, दिवसातून तीनदा येत.

खरी परीक्षा लिंबानं घेतली. तक्त्यात होतं, चार आठवडे पाणी बंद. झाड तहानलं की मग फुलं धरतं, हे सिस्टरना ठाऊक, पण पानं मलूल झाल्यावर शेजारीण भिंतीवरून म्हणाली, काका, झाडाचा जीव घेताय तुम्ही. घड्याळजी झारी घेऊन गेले, झाडासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि भरलेली झारी घेऊन परत आले. सहीशेजारी त्यांनी लिहिलं: पाणी दिलं नाही. वाईट वाटलं. सिस्टरनी शेवटचे दोन शब्द खोडायला लावले. ठरल्या दिवशी पाणी दिलं आणि पुढे लिंबू असा फुलला, की शेजारीण स्वतःहून वास घ्यायला आली.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सात नंबरनं दगा दिला. सात नंबरला भोपळा. वेल भिंत ओलांडून गेला होता, पिवळीधमक फुलं रोज उमलत होती, पण फुलामागची बारकी फळं लिंबाएवढीसुद्धा होईनात. पिवळी पडायची, मऊ व्हायची आणि गळायची. गळलेली आठ फळं घड्याळजींनी बशीत घालून पलंगापाशी आणली. सिस्टरनी उलटतपासणी घेतली. पाणी जास्त झालं? खत? कीड? घड्याळजींनी सात नंबरचं कार्ड पुढे केलं. एकही सही चुकली नव्हती.

"मग तुम्हीच काहीतरी विसरलाय," सिस्टर म्हणाल्या. "चौदा वर्षांत असं कधी झालं नाही."

घड्याळजी बशी उचलून आत गेले. तीन महिने संपायला, म्हणजे मुलगी गवंड्याला घेऊनच वाफे मोजायला यायला, अडीच आठवडे उरले होते, आणि सिस्टरना त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली. फरशीची तर वाटलीच, पण त्याहून जास्त, तक्ता खोटा ठरण्याची.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या वॉकर धरून स्वयंपाकघर ओलांडून मागच्या दारापर्यंत गेल्या आणि खुर्चीत बसल्या. घड्याळजींनी चहाचा कप आणून हातात दिला. कालच्या बोलण्याचा राग असला तरी चहा वेळेवर होता. खाली सात नंबरची फुलं उघडली होती. सिस्टरनी कप डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताची दोन बोटं आपोआप चिमटीत आली, पुढे झाली, हवेतच काहीतरी खुडून थांबली.

त्या स्वतःच्याच बोटांकडे बघत राहिल्या. चहा निवून गेला.

"अहो," त्या म्हणाल्या, "नर फूल खुडून मादी फुलाला लावायचं, ते तक्त्यात आहे का हो?"

"कुठलं नर फूल?"

गल्लीत मधमाश्या नावालाच उरल्या होत्या. चौदा वर्षं रोज सकाळी, वेल फुलावर असेपर्यंत, सिस्टर एका हातात चहा धरून दुसऱ्या हातानं परागकण पोचवायचं मधमाश्यांचं काम उरकत आल्या होत्या. इतकं सवयीचं, की ते काम आहे हेच त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यांनी ते नवऱ्याला सांगितलं, आणि काल मी तुम्हाला उगाच बोलले, हेही सांगितलं.

घड्याळजींनी चष्मा पुसला. "लिहिलं नाही, ते केलं नाही," ते म्हणाले. "तूच म्हणतेस. म्हणजे चौदा वर्षं तू काहीच केलं नाहीस." मग खिशातून चाकं झाडायचा बारीक ब्रश काढून त्यांनी विचारलं, "यानं चालेल?"

चालत होतं. दारातून सिस्टर सांगत गेल्या, सरळ देठाचं ते नर, मागे गोटी असलेलं ती मादी. घड्याळजी भिंग लावून वाकले. त्या सकाळी चार फुलं झाली.

मुलगी आली तेव्हा वेलावर नारळाएवढे तीन भोपळे बसले होते. गवंडी टेप घेऊन दारात उभा होता. मुलीनं बारा वाफे मोजले, लिंबाचा वास घेतला आणि ती हार मानल्यासारखं हसली. घड्याळजींनी बायकोला डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस. पण वॉर्डात स्वतःची चूक स्वतः कळवायची, हा नियम सिस्टरचाच होता.

"तक्ता चुकला होता," त्या म्हणाल्या. "सात नंबर वाया जात होता. जा, वाच."

मुलगी तक्त्यापाशी गेली. भोपळ्याच्या ओळीखाली बाबांच्या बारीक अक्षरात होतं: सहा चाळीस. फुलं चार. ब्रशनं केलं. आणि त्याखाली आईच्या हातची ओळ: उशिरा नोंद. चौदा वर्षं, वेल फुलावर असताना रोज सकाळी, चहा घेता घेता. केलं. पुढे सही.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. मग ओढणीनं डोळे पुसून गवंड्याकडे वळली आणि म्हणाली, "काका, फरशी राहू द्या. या आठ पायऱ्यांना कठडा बसवायचाय, तेवढं माप घ्या."

"उजव्या बाजूला," सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या. "डाव्या हातात माझा चहा असतो. लिहून घ्या."