पाव फेरा मागे

“कट्” असा बारीक आवाज आला आणि राजकुमारने मशीन थांबवली.

“सर, फिर टूट गया,” ऑपरेटर राजकुमार म्हणाला.

ट्रायल प्लेटमध्ये टॅप तुटला होता, तोही पहिल्यांदा नाही. त्यासाठीच सुधाकरने मला कांचघरच्या माझ्या घरून बोलावून घेतलं होतं. सुधाकर माझा जुना दोस्त. त्याचं लहानसं मशीन शॉप आहे आणि मी टूलिंगच्या नोकरीतून रिटायर झालेला, म्हणजे बोलावलं की हजर.

खरा जॉब बाजूच्या टेबलावर होता. बरगीकडच्या गावांना पाणी देणाऱ्या पंपाची स्टेनलेस स्टीलची बॉडी. मॉडेल जुनं, दुसरी बॉडी आता मिळत नाही. तिच्या भोकांना आतून आटे पाडायचे होते. आटे पाडणारं हत्यार म्हणजे टॅप. तो कडक असतो आणि तितकाच ठिसूळ. भोकात तुटला तर ड्रिलनेही निघत नाही. प्लेटमध्ये तुटला तर प्लेट भंगारात टाकता येते. बॉडीत तुटला तर पंप कायमचा बंद.

“काहून तुटून राहिला बे?” सुधाकर वैतागला होता. “टॅप नवा, तेल भरपूर. अजून काय पायजे त्याला?”

मी स्क्रीनवर प्रोग्राम पाहिला. टॅप थोडा आत, थोडा मागे, पुन्हा आत. याला पेक टॅपिंग म्हणतात.

“हे कोणी लिहिलं?”

“मीच. उस्तादांना विसरला काय तू?”

विसरेन कसा? घमापुरच्या एका वर्कशॉपमध्ये आम्ही दोघं हाताने टॅपिंग शिकलो. उस्ताद पाठीमागे उभे राहायचे. आधी विडीचा वास यायचा, मग आवाज. “ठूँसो मत, बेटा. आधा आगे, चौथाई पीछे.” कोंबायचं नाही, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. मागे फिरवलं की चिप, म्हणजे कापलेल्या धातूची साल, तुटते आणि टॅप मोकळा होतो. घाई केली की टपली बसायची. तेवढ्या मायेने पुढे नोकरीत मला कोणी काही शिकवलं नाही. ते दिवस आठवले की अजूनही भरून येतं.

पण उस्तादांच्या टॅपच्या खाचा, म्हणजे चिप जायच्या चरी, सरळ होत्या. मशीनमधल्या टॅपच्या खाचा पिळाच्या होत्या. पिळाच्या खाचेतून चिप सलग वर येते, बटाट्याच्या लांब सालीसारखी. मध्येच मागे फिरलं की ती तुटते, तुकडा टॅप आणि भिंत यांच्यात अडकतो आणि टॅप मोडतो.

“पेक काढ,” मी म्हणालो. “एका दमात खाली, एका दमात वर. टॅप धरणाऱ्या स्पिंडलचं फिरणं आणि उतरणं मशीन स्वतःच जुळवते.”

“आणि फसला तर? त्यापेक्षा मी हाताने करतो.”

“स्टेनलेसमध्ये? खांदा दुखतो म्हणून परवा भाजीची पिशवी मला धरायला लावलीस ना?”

त्याने राजकुमारला खूण केली. राजकुमारने पेक काढून प्लेटवर ट्रायल घेतली. चकचकीत चिप सलग बाहेर आली. सुधाकरने पुन्हा घ्यायला लावली, मग आणखी एकदा. टॅप शाबूत होता. तरी बॉडी टेबलावर बांधल्यावर त्याचा चेहरा उतरलाच.

“उस्तादांचं ऐकून आजवर कधी नुकसान नाही झालं रे,” तो हळूच म्हणाला.

भीती टॅपची नव्हती, हे तेव्हा मला कळलं. मी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला. बटण त्यानेच दाबलं. टॅप खाली गेला, वर आला. दुसऱ्या भोकात गेला, वर आला. शेवटच्या भोकापर्यंत टॅप शाबूत राहिला.

पंपाचा माणूस संध्याकाळी आला. त्याने प्रत्येक भोकात आटे तपासायचा गेज फिरवून पाहिला आणि “बढिया” म्हणून बॉडी गाडीत चढवली.

तो गेल्यावर सुधाकर टॅप पुसत बसला.

“उस्ताद असते तर आज शिव्या घातल्या असत्या.”

“छे! म्हणाले असते, दिखा तो, ये टेढ़ी खाँच वाला कहाँ मिलता है.”

सुधाकर हसला, मग चष्मा काढून त्याने डोळे पुसले. मी दुसरीकडे पाहिलं.

गुरूचा नियम जपावा, पण तो कुठल्या हत्यारासाठी सांगितला होता तेही लक्षात ठेवावं. नाहीतर टॅप मोडतो आणि नाव गुरूचं खराब होतं.