आजाऱ्यांच्या यादीतलं एक नाव

“राज्यकर्त्यांच्या पदासाठी प्रार्थना करणं सोपं असतं, पदाला चेहरा नसतो,” असं ती एकदा पाळकसाहेबांना म्हणाली होती. पाळकसाहेब हसले होते. तो चेहरा पुढे स्वतःहून चर्चमध्ये येऊन पहिल्या बाकावर बसणार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून तिनं तीस वर्षं गाड्यांच्या सूचना दिल्या. एक माईक, कुरकुरणारा पंखा, वेळापत्रकाचा कडा झिजलेला पुठ्ठा. प्रत्येक सूचना दोनदा, एकाच पट्टीत. गाडी वेळेवर असो, उशिरा असो की रद्द झालेली असो, आवाजात ना राग ना लोभ. लोक तिला सूचनाबाई म्हणत. “घरातही सगळं दोनदा का सांगतेस?” असं नवरा विचारायचा. “पहिल्यांदा कोण ऐकतं?” हे तिचं उत्तर.

त्या आवाजापायीच चर्चमधलं वाचन तिच्याकडे आलं. दर रविवारी प्रवचनाआधी ती उभी राहायची. आधी राज्यकर्त्यांसाठीची ठरलेली ओळ, मग मंडळीतल्या आजाऱ्यांची नावं. सव्वीस वर्षांत खाडा नाही. नवरा गेला त्या आठवड्यातही नाही.

यंदा त्या एका ओळीवरून मंडळीत उभी फूट पडली. रस्ता रुंद होणार होता, त्यात चर्चची पुढची भिंत आणि पायऱ्या जाणार होत्या. मंडळीचा सेक्रेटरी म्हणजे तिचा धाकटा भाऊ, औषधाच्या दुकानाचा मालक. निवडणूक तोंडावर आलेली पाहून त्यानं खटपट केली आणि केंद्रातल्या एका मंत्र्याला उपासनेला यायला राजी केलं. प्रार्थनेत मंत्र्याचं नाव घ्यायचं, मंत्री खूश, भिंत शाबूत. दुसऱ्या बाजूला तिची स्वतःची मुलगी होती, पेशानं शिक्षिका. एका कायद्याविरुद्धच्या पत्रावर सही केली म्हणून शाळेनं तिला निलंबित केलं होतं, आणि सह्या करणाऱ्यांना भरसभेत देशद्रोही म्हणणारा मंत्री हाच. तरुण मंडळी मुलीच्या पाठीशी होती. त्यांचं म्हणणं, नाव तर सोडाच, ती ओळच गाळा. पाच महिने मामा-भाची एकमेकांशी बोलत नव्हते. एक डावीकडच्या बाकांवर बसायचा, दुसरी उजवीकडच्या.

शनिवारी दुपारी भाऊ घरी आला. मुलगी स्वयंपाकघरात होती, ती बाहेर आली नाही.

“ताई, एका नावानं तुझी जीभ झिजणार आहे का?”

“झिजून झिजून उरलीय किती!”

“मग झालं तर. माननीय लावायचं, नाव घ्यायचं, मोकळं व्हायचं.”

“आणि उद्या दुसरा निवडून आला तर?”

“त्याला लावू. माननीय काय संपतंय का?”

आतून भांडं आदळलं. “आई, त्यांना विचार, भिंत राखायला देव पुरत नाही का?”

“ताई, तिला सांग, भिंतीसाठी देवानं अजून नगरपालिकेत अर्ज केलेला नाही!”

“आई, तू त्या माणसाचं नाव घेतलंस ना, तर मी पुन्हा त्या दारात पाऊल टाकणार नाही.”

“आणि नाही घेतलंस,” भाऊ चपला घालत म्हणाला, “तर मला भाऊ म्हणू नकोस.”

एक गोष्ट तिला दोघांनाही सांगता येत नव्हती. ज्या ओळीवरून ते एकमेकांच्या उरावर बसले होते, ती ओळ तिनं गेले तीन रविवार वाचलीच नव्हती. पहिल्या वेळी ‘राज्यकर्ते’ या शब्दाशी त्या मंत्र्याचा चेहरा समोर आला आणि ती पुढच्या ओळीवर गेली. नंतरच्या दोन वेळा तिनं मुद्दाम गाळली. कुणीतरी विचारेल म्हणून दारात रेंगाळली. कुणी विचारलं नाही. दोन्ही बाजूंच्या बाकांवरून तसंच खणखणीत आमेन आलं होतं.

वैऱ्यासाठी प्रार्थना करा, असं सांगितलेलं आहे. वैऱ्याला माननीय म्हणा, असं कुठं आहे? पण त्याला गाळा, असंही नाही. तिला खरी भीती तिसरीच होती. ज्याचं वाटोळं व्हावं असं आतून वाटतं, त्याचं नाव देवापुढे घेताना तोंडून शापच निसटला तर?

रविवारी बाक ओसंडून वाहत होते. मंत्री पुढे, हातांची घडी घालून बसला होता. ती उभी राहिली. चष्मा नीट केला.

“गेले तीन रविवार मी राज्यकर्त्यांसाठीची ओळ वाचली नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला क्षमा असावी.”

मग तिनं ती ओळ वाचली, जशी होती तशी, कुणाचंही नाव न जोडता. भावानं कपाळाला हात लावला. मुलीनं सुटकेचा श्वास सोडला, पण तो तिनं जरा लवकरच सोडला. आजाऱ्यांची यादी सुरू झाली होती. मोतीबिंदू झालेली शिंप्याची आई. पाय मोडलेला पोस्टमन. आणि त्यांच्यामागून मंत्र्याचं नाव, मागेपुढे काहीही न लावता. लगेच मुलीचं नाव. त्यानंतर तिचं स्वतःचं. सवयीनं तिनं तिन्ही नावं पुन्हा घेतली, आणि दुसऱ्या खेपेला, तीस वर्षांत पहिल्यांदा, तिची पट्टी ढळली.

आमेन यायला वेळ लागला.

उपासना संपली. “बाईंचा आवाज कुठंतरी ऐकलाय,” एवढंच पाळकसाहेबांना म्हणून मंत्री गाडीत बसला. तो रागावला होता की काय, कळायला मार्ग नव्हता.

पाळकांचे झगे टांगलेल्या मागच्या खोलीत दोघंही तिच्यावर चालून आले.

“ताई, वाट लावलीस! मंत्र्याला आजाऱ्यांत बसवलंस! गेली आता भिंत!”

“आई, त्याच्या नावाला चिकटून माझं नाव? मी काय आजारी आहे?”

“तुझं नाव घेतलं म्हणूनच तर तो बिथरला असणार!” भाऊ भाचीकडे वळला.

“बिथरला तर बिथरू दे! बोलावलं कुणी होतं, मामा?”

‘मामा’ हा शब्द मुलीच्या तोंडून पाच महिन्यांनी उच्चारला गेला. त्या दोघांच्या ते गावीही नव्हतं. “अगं, पण पायऱ्या तरी वाचल्या असत्या!” “आणि त्या पायऱ्यांवर बसून तुम्ही काय केलं असतं?” दोघांचे आवाज चढत गेले. मधेमधे दोघंही तिच्याकडे बोट दाखवत होते, या एका बाबतीत त्यांचं पूर्ण एकमत होतं.

तिनं चष्मा डबीत ठेवला, डबी पर्समध्ये टाकली, दोघांच्या मधून वाट काढली आणि पायऱ्या उतरून रस्त्याला लागली.