रामेनच्या दुकानातली पंगत

ओसाकातल्या आमच्या घराजवळच्या स्टेशनासमोर रामेनचे, म्हणजे गरम रसातल्या शेवयांचे, एक दुकान होते. ते एका मोठ्या साखळीतले असल्यामुळे तसेच लाल छत आणि तसाच वाफाळत्या वाडग्याचा फलक दर दोन-तीन स्टेशनांनंतर पुन्हा भेटत असे. स्वस्त असल्यामुळे तिथे टॅक्सीवाले, एकटे राहणारे म्हातारे, सायकलवरून आलेली पोरे असे सगळेच दिसत. आम्ही मात्र नव्वदच्या दशकातली आमची तिथली पहिली दोन वर्षे त्या दुकानावरून नुसते जात-येत राहिलो. मुंबईच्या एका व्यापारी कंपनीने मला तिथे पाठवले होते, मी दुपारी डबा नेत असे, आणि बायकोच्या हातची पोळी घरी मिळत असताना बाहेर जेवणे हा मला उधळेपणा वाटे.

दुसरीत शिकणारी माझी मुलगी वस्तीतल्या जपानी शाळेत जात होती. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला जपानीत उत्तर देण्याचे वय ते. सोमवारी वर्गात प्रत्येकाने रविवारी काय केले ते सांगायचे असे. अर्धा वर्ग रामेन खाऊन आलेला असायचा. आमच्या मुलीने एकदा, दुसरे काही सुचेना म्हणून, साबुदाण्याच्या खिचडीचे वर्णन केले. पांढरे मणी रात्रभर पाण्यात ठेवतात आणि सकाळी शेंगदाण्यांबरोबर परतून खातात, असे ऐकल्यावर बाईंनी फार आदराने विचारले म्हणे, की हे औषध आहे का.

त्यानंतर तिने आमच्यापुढे एक योजना मांडली. तिची एक जिवलग मैत्रीण होती, तिला घेऊन आपण रामेन खायला जायचे. पण त्याआधीच्या रविवारी आपण तिघांनीच जाऊन यायचे.

"आधी कशाला?" मी विचारले.

"सराव," ती म्हणाली.

माझ्या वडिलांच्या घरी एक नियम होता आणि तो मी त्यांच्या घड्याळासारखाच जपून आणला होता. सगळ्यांची पाने वाढून झाल्याशिवाय कोणी घासाला हात लावायचा नाही. या नियमामुळे आपण सुसंस्कृत आहोत, असे मला मनातून वाटत असे. असे वाटण्यात थोडासा गर्व असतो, हे त्या वेळी मला कळत नव्हते.

दुकानात आम्ही काउंटरवर ओळीने बसलो. समोर आचारी, त्याच्यामागे उकळती पातेली, फळीवर बेसबॉलचे समालोचन सांगणारा रेडिओ, आणि आमच्या पाठीशी भिंतीला टेकून जागेची वाट पाहणारी माणसे. मुलीने आणि मी रामेन मागवले. रामेनमध्ये डुकराचे मांस असे आणि बायको ते खात नसे, म्हणून तिने अंडे घालून परतलेला भात सांगितला, वर मांस अजिबात नको असेही सांगितले. त्यासाठी आचाऱ्याला कढई धुऊन घ्यावी लागली.

मुलीचा वाडगा आधी आला. तिने काड्या उचलल्या.

"थांब," मी म्हणालो.

"बाबा, फुगेल ते."

"आईचं येऊ दे."

माझा वाडगा आला. आम्ही दोघे त्या वाडग्यांकडे पाहत हात मांडीवर ठेवून बसलो. आचारी कढई हलवता हलवता एकदा आमच्याकडे आणि एकदा वाडग्यांकडे पाहू लागला. रामेन समोर आले की त्याच क्षणी खायचे असते, नाहीतर शेवया रस पिऊन फुगतात, हे तिथले शेंबडे पोरही जाणते. शेवटी वाढणारी बाई आली आणि वाकून काही विचारू लागली.

"त्यांना वाटतंय, आपल्याला आवडलं नाही," मुलगी खाली मान घालून म्हणाली.

"त्यांना नीट सांग," मी म्हणालो. "म्हणावं, आमच्यात अशी पद्धत आहे की घरातल्या सगळ्यांना अन्न मिळाल्याशिवाय कोणी जेवायला सुरुवात करत नाही, आणि यात तुमच्या पदार्थाचा अनादर करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही."

मुलीने तीन-चार शब्दांत काहीतरी सांगितले. बाई एकदम गंभीर झाली, कमरेत खोल वाकली आणि मागे सरली. आचाऱ्याने हात वर करून रेडिओ बंद केला. दुकानात शांतता पसरली.

"काय सांगितलंस तू?"

"बाबा प्रार्थना करतायत."

"अगं, पण मी कुठे..."

"डोळे मिटा, बाबा."

"मिटा हो," पलीकडून बायको म्हणाली. "तुमच्यामुळे सगळ्यांची मॅच बंद झालीय."

मी डोळे मिटले. खोटी प्रार्थना करताना माणूस खरोखरच प्रार्थना करू लागतो, हा अनुभव मला तेव्हा आला. माझे मागणे एवढेच होते की भात लवकर यावा. तो आल्यावर मी डोळे उघडले, तेव्हा वाडग्यातला रस जवळजवळ नाहीसा झाला होता आणि शेवया दुसऱ्या दिवशीच्या खिरीसारख्या दाटून बसल्या होत्या. रेडिओ पुन्हा सुरू झाला. आमची मुलगी ते खात असताना आचाऱ्याने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती मी विसरलेलो नाही. टम्म फुगलेली पोळी ताटात पडून चामट झाली की आमच्या घरात त्याच नजरेने पाहिले जाई.

घरी जाताना मुलगी आमच्या बरीच पुढे चालत होती. वळणावर थांबून तिने शुद्ध मराठीत सांगितले, "तिला नको आणायला. ती वर्गात सगळ्यांना सांगेल."

त्या रात्री पोळ्या होत असताना मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून बायकोला म्हणालो, "माझी चूक झाली का? मी एवढंच म्हणत होतो, की सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय सुरू करू नये."

"सगळ्यांना म्हणजे? मला धरून की सोडून?"

माझ्या वडिलांच्या घरी आणि माझ्याही घरी सगळ्यांची पाने वाढून होत, तेव्हा एक माणूस तव्यापाशी उभे असे. त्या माणसाचे पान मोजण्यात कधी आलेच नव्हते.

"दुकानात मी पहिल्या मिनिटालाच म्हणणार होते, जेवा म्हणून," ती पोळी उलटत म्हणाली. "पण म्हटलं, पहिल्यांदाच कोणीतरी माझ्या भातासाठी थांबलंय. बघू तरी कसं वाटतं ते."

"कसं वाटलं?"

"छान वाटलं. पोरीचं वाटोळं झालं, पण मला छान वाटलं."

मुलीचे मन वळवायला पुढचे काही दिवस लागले. मी तिला शब्द दिला की दुकानात माझा वाडगा पुढे आला की मी कोणाकडेही न पाहता खायला सुरुवात करीन. बायकोने माझ्याकडून त्याची तयारीही करून घेतली. ती मला एकट्याला वाढून समोर कणीक मळत बसे.

"खा."

"तुझं पान?"

"माझं पान अजून पिठात आहे. खा तुम्ही."

पहिला घास मला चोरीच्या मालासारखा लागे. हळूहळू जमू लागले. अखेर मुलीने मैत्रिणीला बोलावले, पण माझ्याकडे पाहून एवढे बजावले, की तिच्यासमोर काही विचित्र करायचे नाही.

मैत्रीण बारीक चणीची, केसांना दोन पिना लावलेली, फार अदबीने वागणारी मुलगी होती. आम्ही चौघे काउंटरवर बसलो. या वेळी माझा वाडगा सर्वांत आधी आला. मी मनाशी निश्चय केला, काड्या उचलल्या आणि शेजारच्या टॅक्सीवाल्याने मारला असता तसा आवाज करीत भुरका मारला. जीभ पोळली, पण मी थांबलो नाही. आपण मुलीसाठी काहीतरी करत आहोत, या समाधानात दोन-तीन भुरके झाले आणि मग माझ्या लक्षात आले की माझ्या बाजूला फार शांतता आहे.

मैत्रिणीचा आणि मुलीचा वाडगा येऊन बराच वेळ झाला होता. दोघी पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. माझी मुलगी माझ्याकडे पाहत होती.

"बाबा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "थांबायचं असतं ना."

माझ्या तोंडात अर्ध्या शेवया होत्या आणि अर्ध्या बाहेर लोंबत होत्या. "पण तूच..." एवढे मी कसेबसे म्हणालो.

"मी तिला सांगितलंय, आमच्याकडे सगळ्यांचं येईपर्यंत थांबतात. नाहीतर तुम्ही थांबलात की तिला वाटलं असतं तुम्ही विचित्र आहात. म्हणून ती थांबलीय. आणि तुम्ही एकटेच खाताय."

शेवया तोडाव्यात की परत ठेवाव्यात, याचे उत्तर माझ्या वडिलांच्या कोणत्याही नियमात नव्हते. समोर आचाऱ्याचा हात रेडिओकडे गेला. बायकोने दोन्ही हात हलवून त्याला थोपवले आणि भाजीवाल्याकडून शिकलेल्या आपल्या जपानीत मैत्रिणीला म्हणाली, "खा बाळ, खा."

मैत्रिणीने नम्रपणे मान हलवली आणि आमच्या मुलीच्या कानात काही सांगितले.

"ती म्हणते, आईचं येऊ दे."

मी शेवया जमेल तितक्या प्रतिष्ठेने वाडग्यात उतरवल्या आणि हात मांडीवर ठेवले. मग आम्ही तिघे, आणि खरे म्हणजे तो आचारीसुद्धा, बायकोच्या भाताची वाट पाहू लागलो. कढई इतक्या वेगाने हललेली मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. भात आला, सगळ्यांनी हात जोडून, जेवणाआधी तिथे म्हणतात तसे, "इतादाकिमास" म्हटले, आणि मैत्रिणीने ते फुगलेले रामेन तळापर्यंत संपवले. बायको मात्र थोडा वेळ नुसतीच भाताकडे पाहत होती.

परतताना दोघी मुली हात धरून पुढे चालत होत्या. मैत्रिणीला तिच्या इमारतीशी सोडल्यावर मुलगी आमच्याजवळ येऊन चालू लागली.

"तिला आपल्या घरी जेवायला यायचंय," तिने जाहीर केले. "तिचे बाबा येतात तेव्हा ती झोपलेली असते. आई संध्याकाळी कामावर जाते. तिच्यासाठी फक्त टीव्ही थांबतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"ये म्हटलं. पुढच्या रविवारी."

"त्या दिवशी मी पोळ्या आधीच करून ठेवणार आणि तुमच्याबरोबर बसणार," बायको म्हणाली. "गार पोळ्या खाव्या लागतील, सांगून ठेवते."

"खाऊ की," मी म्हणालो, आणि मग मुलीकडे वळून विचारले, "मी घरी असलो तर चालेल ना?"

तिने विचार केला, मला आवश्यक वाटला त्याहून थोडा जास्तच, आणि माझा हात धरून म्हणाली, "चालेल."