तारीखराव आणि कुत्र्यांचे कोट

माझ्या बहिणीचा दीर आयुष्यात कधी कुठे उशिरा पोचला नाही. लग्न असो, तो खुर्च्या मांडणाऱ्यांच्या आधी हजर. मयत असो, रडणाऱ्यांच्या आधी हजर. ऑफिसात त्याला तारीखराव म्हणत आणि त्याला ते आवडायचं. कुणी त्या नावाने हाक मारली की तो मनगटावरचं घड्याळ सरळ करायचा. सगळे म्हणतात, माणूस मनाने वाईट नव्हता. मी जन्मभर इस्पितळाच्या वॉर्डात नर्स होते. मन कुणाचं उघडून पाहिलं नाही, पण हात पुष्कळांचे पाहिले आहेत, आणि मला विचाराल तर माणूस हातांवरून ओळखावा.

त्याचं काम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. इंटरनेटवर दुकान मांडणाऱ्याचं गिऱ्हाईक कुठेही असतं. वस्तू ज्या प्रांतात पोचेल त्या प्रांताचा विक्रीकर लागतो. दुकानदाराने तो गिऱ्हाइकाकडून किमतीबरोबर घ्यायचा आणि नंतर त्या त्या प्रांताच्या सरकारला नेऊन द्यायचा. प्रत्येक प्रांताचा दर वेगळा, फॉर्म वेगळा, वेबसाइट वेगळी, आणि ती वेबसाइट बंद पडायची वेळसुद्धा वेगळी. विक्री झाली नाही तरी सुटका नाही. ‘काही विकलं नाही’ असा शून्याचा रिटर्न भरावाच लागतो. छोट्या दुकानदाराने शिवायचं, विकायचं, पार्सल बांधायचं की हे करत बसायचं? म्हणून तारीखरावाच्या कंपनीसारख्या कंपन्या निघाल्या. महिन्याची फी द्या, दुकानाचा पासवर्ड द्या, बँकेतून कर कापायची परवानगी द्या, आणि निवांत झोपा. त्यांचं सॉफ्टवेअर दुकानातून विक्री ओढून आणतं, प्रांतवार वाटून देतं, आणि तारीखरावासारखा माणूस नजर टाकून भरून टाकतो.

ऑफिस म्हणजे एका मजल्यावरचा लांबलचक हॉल. खिडक्या न उघडणाऱ्या, पांढरे दिवे, आणि प्रत्येकाच्या टेबलावर दोन दोन पडदे. समोरच्या भिंतीवर एक मोठा पडदा, त्यावर चौकोन. एक रिटर्न, एक चौकोन. वेळेवर भरला की हिरवा, चुकला की लाल. भरून नंतर दुरुस्त करावा लागला, तर पिवळा. पिवळ्याचे मार्क कापले जायचे. तारीखरावाची रांग सदा हिरवीगार, गाय सोडली असती तर चरली असती.

त्याचा थोरला भाऊ, म्हणजे माझ्या बहिणीचा नवरा, इस्पितळात गेला तो दिवस महिन्याची वीस तारीख होती. वीस तारखेला बहुतेक प्रांतांची मुदत संपते. तारीखराव आला, सगळ्यांत आधी आला, आणि कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसला. आत भाऊ शेवटचे श्वास मोजत होता आणि बाहेर हा रिटर्न भरत होता. माझी बहीण दारातून म्हणाली, “भाऊजी, ते तुम्हाला बोलावतायत.” तो म्हणाला, “आलोच, एवढा एक प्रांत.” तो प्रांत झाला तोवर भाऊ गेला. लोकांनी काय म्हणावं? म्हणाले, कर्तव्य असावं तर असं. तेव्हाच मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली होती, आणि दिली नाही याचं आजही वाईट वाटतं.

नवरा गेल्यावर बहीण पोरीला घेऊन दिराच्या घरी राहिली. घर जावेचं. जाऊ वाईट शब्द बोलायची नाही, नुसती डब्यातल्या साखरेवर चमच्याने रेघ ओढून ठेवायची. बहीण हॉलमध्ये निजायची आणि सगळ्यांच्या आधी उठून अंथरूण गुंडाळायची, कुणाला अडचण नको म्हणून. तिला दिवसरात्र एकच हवं होतं. स्वतःची खोली, दाराला स्वतःची कडी, आणि पोरीच्या फीसाठी कुणापुढे हात पसरायला नको.

शेजारच्या म्हाताऱ्या कुत्र्याला थंडी वाजायची, म्हणून तिने जुन्या रजईचा कोट शिवून दिला. आम्ही हसलो. माणसांच्या अंगावर धड कपडे नाहीत, आणि ही कुत्र्यांची शिंपीण! शेजाऱ्याने कोट घातलेल्या कुत्र्याचा फोटो कुठेतरी टाकला आणि मागण्या सुरू झाल्या. बहिणीने इंटरनेटवर दुकान काढलं. छातीचं माप, पाठीची लांबी, शेपटीला जागा. लोक भाच्याच्या लग्नाला आहेर देताना करणार नाहीत एवढी चिकित्सा कुत्र्याच्या रंगसंगतीची करायचे. ती ऐकून घ्यायची आणि शिवायची. वर्षाच्या आत तिने बाजारामागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेतली. पुढे मशीन, मागे गाद्या, मध्ये पडदा. पहिल्या दिवशी मी गेले तर तिने मला आत घेऊन कडी लावली, मग काढली, मग पुन्हा लावली, आणि वेड्यासारखी हसत सुटली.

विक्रीकर आधी ती स्वतः भरायची. एका प्रांतात कपड्याला कर नाही, पण कुत्र्याचा कोट कपडा की चैन, हे तिथल्या साहेबालाच ठाऊक नव्हतं. रडकुंडीला यायची बिचारी. तेव्हा तारीखराव म्हणाला, “वहिनी, तुम्ही सुई-दोरा सांभाळा, बाकीचं माझ्यावर सोडा. घरचा माणूस असताना काळजी कसली?” तिने फी भरली, सह्या केल्या, पासवर्ड दिला. जाताना त्याने एक सल्लाही दिला, “पासवर्ड अधूनमधून बदलत जा, हल्ली चोऱ्या फार.”

ती आज्ञाधारक. थंडीच्या तोंडाशी तिने दुकानाचा पासवर्ड बदलला. त्याबरोबर कंपनीच्या सॉफ्टवेअरचा आणि दुकानाचा धागा तुटला. सॉफ्टवेअर थोडंच ओरडणार? त्याने विक्री आणली शून्य.

आता त्या ऑफिसची रीत ऐका. आकडे आले नाहीत आणि मुदत आली, तर ते लोक शून्य भरून मोकळे होतात. ‘आधी शून्य भरा, मग सुधारा.’ शून्य भरलं की चौकोन हिरवा. सुधारलं की पिवळा. मग सुधारतो कोण? तारीखरावाने बहिणीच्या सगळ्या प्रांतांत शून्य भरलं. एका महिन्याचं, मग पुढच्या महिन्याचं, मग त्याच्याही पुढच्या. त्याच महिन्यांत बाहेर कडाक्याची थंडी होती, कोट धडाधड खपत होते, आणि बहीण रोज संध्याकाळी पार्सलांची पोती कुरियरवाल्याकडे ओढत नेत होती.

तिला शंका आली नाही असं नाही. गिऱ्हाइकाचे पैसे करासकट एकाच खात्यात पडतात, त्यातून कंपनी कर कापून नेते. कापलं जाईना, तेव्हा तिने दिराला विचारलं, “भाऊजी, कराचे पैसे कापलेच नाहीत का हो?”

“साठवून एकदम कापतात कधीकधी,” तो फोनमधून डोकं वर न काढता म्हणाला.

“म्हणजे खात्यात दिसतात ते माझेच ना? पावसाळी कापडाचा गठ्ठा स्वस्तात मिळतोय. दुसरं मशीनही बघितलंय.”

“घ्या की. धंदा वाढवायचा तर घ्यावंच लागतं.”

तिने घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने सहज तिची फाइल उघडली आणि त्याला कळलं. शून्य, शून्य, शून्य. हे मला दुसऱ्या कुणी सांगितलेलं नाही, त्यानेच स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तेव्हा काही बिघडलं नव्हतं. सरकारची नोटीस येण्याआधी दुकानदाराने आपणहून जाऊन ‘चुकलं’ म्हटलं, तर दंड माफ होतो. कर आणि थोडं व्याज, बस्स. मशीन परत देता आलं असतं, कापडाचा गठ्ठा अजून फोडलेला नव्हता. एक फोन करायचा होता. पण तिचे सगळे चौकोन पिवळे झाले असते, आणि त्याच महिन्यात तारीखरावाचं नाव टीम हेडच्या जागेसाठी पुढे होतं. हिरव्या रांगेच्या जोरावर.

तो मूग गिळून बसला. रविवारी तिच्याकडे जेवायला मात्र गेला, वेळेवर. तिने नवं मशीन कौतुकाने चालवून दाखवलं. तो म्हणाला, “छान आहे, आवाज कमी आहे.” मेल्याच्या घशाखाली घास उतरला कसा, देव जाणे.

तो टीम हेड झाला. त्यानंतर तरी बोलावं? तर आता संपूर्ण टीमचे चौकोन त्याच्या नावावर! पिवळं तर आणखीच नको. मग गिऱ्हाइकांचे पैसे पोचवणाऱ्या कंपनीने वर्षाचा हिशोब प्रांतांना कळवला. तो हिशोब आणि हे शून्य समोरासमोर आले, आणि नोटीस निघाली. एका प्रांताची, मग दुसऱ्याची, मग रांगच लागली. नोटिसा तारीखरावाच्या ऑफिसच्या पत्त्यावर आल्या, कारण पत्ता त्यांचाच दिलेला होता. त्याने त्या स्कॅन करून बहिणीला त्याच दिवशी पाठवल्या. उशीर नाही!

बहीण माझ्याकडे धावत आली आणि आम्ही दोघी त्या ऑफिसात गेलो. साहेब गोड माणूस. त्याने करार काढला आणि पेनाच्या टोकाने ओळ दाखवली. माहिती बरोबर पोचते की नाही हे पाहण्याची जबाबदारी ग्राहकाची.

“अहो, पण मी तुमच्यावरच तर सोडलं होतं,” बहीण म्हणाली.

“आणि आम्ही वेळेवर भरलंही, मॅडम. एकही रिटर्न लेट नाही. उशिराचा दंड वेगळा असतो, तो तुमचा वाचला.” मग तो पुढे वाकला. “जुनं सगळं दुरुस्त करून द्यायची आमची वेगळी सेवा आहे. तिची फी जरा जास्त असते. पण तुम्ही आमच्या टीम हेडच्या घरच्या, तुम्हाला सवलत देऊ.”

तारीखराव बाजूलाच उभा होता. म्हणाला, “घ्या वहिनी, बाहेर महाग पडेल.” केसाने गळा कापायचा आणि वर केस मोफत विंचरून द्यायचे, असला प्रकार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तोंड उघडणार, तर बहिणीने माझा हात दाबला.

एका प्रांताने तिचं बँक खातं गोठवलं. खातं गोठलं म्हणून दुकानाचे पैसे अडकले, पैसे अडकले म्हणून कुरियरवाल्याने पार्सलं नाकारली, आणि पार्सलं गेली नाहीत म्हणून कुत्र्यांचे मालक दुकानाच्या पानावर शिव्या लिहू लागले. ‘आमचा बच्चा थंडीत कुडकुडतोय, तुम्हाला काळीज आहे का?’ असं एका बाईने लिहिलं होतं. दोन्ही मशीनं गेली. कापडाचा गठ्ठा घेतला त्याच्या निम्म्या भावात गेला. खोलीचं डिपॉझिट करात गेलं. मी माझ्या पेन्शनीतून दिलं ते व्याजातच विरघळलं. माझं घर म्हणजे निवृत्त नर्सेसच्या वसतिगृहातली एक खाट, तिथे दोघींना ठेवणार कुठे? खोली रिकामी करायच्या दिवशी तारीखराव टेम्पो घेऊन आला. ठरल्या वेळेच्या आधी.

बहीण पुन्हा जावेच्या हॉलमध्ये निजते. आता स्वयंपाकही तिच्याकडेच आहे. पोरगी काहीतरी मागायच्या आधी काकूच्या चेहऱ्याकडे बघायला शिकली आहे.

परवा मी भेटायला गेले. तारीखराव जेवायला बसला होता, आणि वर्षभरात एकही रिटर्न न चुकल्याबद्दल कंपनीने दिलेली काचेची ढाल त्याने टेबलावरच ठेवली होती. मी विचारलं, “तुमच्या वहिनीचे रिटर्नही त्यात धरले का हो?”

“धरले ना,” तो म्हणाला. “सगळे वेळेवर होते.”

“आणि शून्य भरताय, हे तुम्हाला कळलं कधी?”

त्याने सांगितलं. अगदी सरळ, रोग्याने किती दिवस दुखतंय ते सांगावं तसं. बहिणीने मशीन घेतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. फाइल उघडली, पाहिलं, मिटली. “ताई, तुम्हाला आमच्यातलं नाही कळायचं,” तो म्हणाला. “तेव्हा पिवळं केलं असतं तर बढती गेली असती. आज या दोघी कुणाच्या पगारावर जेवतायत? शेवटी घरासाठीच केलं ना मी.” आणि खरंच, त्याच्या डोळ्यांत लबाडी नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. बहीण ओट्याशी पाठमोरी उभी होती. म्हटलं, “तुला माहीत आहे का, त्याला आधीपासून ठाऊक होतं! नोटीस यायच्या कितीतरी आधी तुला वाचवता आलं असतं! चल, पोरीला घे, आत्ताच्या आत्ता निघ इथून, मी बघते काय ते!”

ती वळली नाही. “मला माहीत आहे.”

“कधीपासून?”

“नोटीस आली त्या दिवसापासून. सगळ्यांनी विचारलं, कसं झालं, कसं झालं. भाऊजींनी तेवढं विचारलं नाही.”

“मग तू गप्प का? त्याच्या तोंडावर थुंकली का नाहीस?”

तिने हात पुसले आणि दाराकडे पाहिलं. “पोरीची फी पुढच्या आठवड्यात आहे, ताई. हळू बोल. ते जेवतायत.”

बाहेरून आवाज आला, “वहिनी, पाणी.”

“आणते हं भाऊजी,” ती म्हणाली, आणि माझ्या बाजूने तांब्या घेऊन गेली.