साहेबांचा काळा-पांढरा फोटो

बेला गावात माझं फोटोचं दुकान आहे. पासपोर्ट फोटोंपेक्षा आता मोबाइलवर टाकायच्या पोस्टच जास्त बनवतो, आणि त्या बनवून घेणाऱ्या पुढाऱ्यांची मला मनापासून किळस येते. वाढदिवस असो, पोळा असो की मयत, साचा तोच. वर गोल चकत्यांत वरचे नेते, खाली हात जोडलेले आमच्या गावचे साहेब, आणि ज्याच्यासाठी पोस्ट तो उरल्यासुरल्या जागेत. साहेबांचा फोटोही वर्षानुवर्षं एकच, दात दाखवणारा.

मागच्या वर्षी शेजारचे काका वारले. वांगी-टमाटे पिकवून बाजारात बसणारा साधा माणूस. चौथ्या दिवशी काकू दुकानात आल्या. त्यांचा दीर बांधाच्या भांडणावरून गाव सोडून गेलेला. नंबरही बदललेला, पण फेसबुक बघत असतो असं त्यांच्या कानावर आलं होतं.

"बापू, यायचा फोटू टाक बरं त्याच्यात," काकू म्हणाल्या. "तेरवीले तरी भाऊ आला पाह्यजे. चेहरा दिसला का तो थांबनार नाही."

मी चौकोनी पोस्ट केली. काकांचा चेहरा मोठा, खाली तेरवीचा, म्हणजे तेराव्याचा दिवस. काम झालंच होतं, तेवढ्यात साहेबांचा उजवा हात म्हणून मिरवणारा एक जण टपकला. गावात मयत झाली की हा माशीसारखा हजर.

"साहेबाच्या पेजवर टाकू ना, दूरवर जाते," तो म्हणाला. "फक्त साहेब मोठे घ्या. अन् पोस्ट उभी करा, स्टेटसले लागते."

दूरवर जाते म्हटल्यावर काकूंनी मान हलवली. मी पोस्ट उभी केली. काका वर सरकले, लहान झाले. मधोमध 'भावपूर्ण श्रद्धांजली', त्याखाली साहेब, तेरवीची ओळ पार तळाला.

त्यानं मान तिरकी करून पाहिलं. "साहेब हसून राह्यले जी. बरं नाही दिसत."

"दुसरा फोटो द्या मग."

"दुसरा काऊन? हाच ब्लॅक अँड व्हाइट करा. दुःख दिसते."

रंग काढला की दुःख येतं, अशी या लोकांची अक्कल. दिलं करून. फेसबुक सरकवताना, फीडमध्ये, उभी पोस्ट वरून-खालून कापली जाते, उघडली तरच अख्खी दिसते, हे मला चांगलं माहीत आहे. एरवी प्रत्येक पोस्ट मी चौकोनात धरून बघतो. त्या दिवशी नाही बघितली. हा एकदाचा टळावा, एवढंच डोक्यात होतं.

व्हायचं तेच झालं. फीडमध्ये काका कापले गेले, तेरवीची ओळही गेली. उरली श्रद्धांजली, आणि खाली काळेपांढरे साहेब. लोकांनी जोडलेल्या हातांचा पाऊस पाडला. 'साहेब, परत या.' 'परवाच तर भेटलो होतो.' पोस्ट उघडून बघायची तसदी कुणी घेतली नाही. एक कार्यकर्ता म्हणे हार घेऊन बंगल्यावर गेला आणि दार साहेबांनीच उघडलं. मी पोट धरून हसलो.

संध्याकाळी तोच उजवा हात धापा टाकत आला. "काढा, साहेबाले काढा आधी!" आता अख्ख्या पोस्टमध्ये काका एकटे. पण लोकांची श्रद्धांजली वाहून झाली होती. नव्या पोस्टवर कुणी थांबलं नाही.

तेरवीला काकूंनी दोनदा पंगत थांबवली, दोनदा रस्त्यावर जाऊन आल्या. दीर आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेतलेला एक माणूस दुकानात शिरला. काकांचंच नाक, काकांचीच कपाळपट्टी.

"दादा गेला हे मले काल सांजच्याले आदिलाबादच्या बाजारात समजलं," तो म्हणाला. "श्रद्धांजलीची पोस्ट तं मीनं पाह्यली होती, पण वाटलं साहेब गेले. हात जोडले अन् पुढं सरकलो." त्यानं पिशवी खाली ठेवली. "दादाचा एक मोठा फोटू काढून द्या, भाऊ. तेरवीत ठेवाले लागन."

तेरवी काल झाली, हे त्याला मलाच सांगावं लागलं.