मुंगी बालवाडीत जाते

मुंगीच्या आईची नोकरी पावाच्या कारखान्यात, तीही रात्रपाळीची. नवरा कधीचाच पसार झालेला, त्यामुळे रात्री मुलीला शेजारच्या मावशी सांभाळत. सकाळी घरी आल्यावर आई अंथरुणाला पाठ टेकायची आणि तीन वर्षांची मुंगी तिच्या पायाशी बसून खेळायची. भांडीकुंडी मांडायची, पण वाटीवर वाटी आपटेल तर शपथ. मुंगी हे नाव मावशींनीच ठेवलेलं. "घरात आहे की नाही, कळतसुद्धा नाही," असं त्या म्हणायच्या आणि आईला कोण अभिमान वाटायचा.

मुंगीला लस द्यायला नेलं तेव्हा नर्सने सांगितलं, कमी मिळकतीच्या घरातल्या मुलांची बालवाडीची फी सरकार भरतं. आईचा आधी विश्वासच बसेना. फुकटातल्या मुलांना कोपऱ्यात बसवत असतील, असं तिला वाटलं. पण गेली, जागा मिळाली आणि मुंगी इतर मुलांच्याच सतरंजीवर बसली.

दोन आठवड्यांनी बालवाडीच्या बाईंनी आईला बोलावून घेतलं.

"घरी बोलते का हो ही? इथे अजून तोंड उघडलेलं नाही."

"बोलते की. कानात."

बाईंच्या कपाळाला आठी पडली आणि आईला वाटलं, गेली जागा. बाहेर जागेसाठी ताटकळलेली मुलं ढीगभर. न बोलणाऱ्या पोरीला कोण ठेवून घेणार?

"उद्या थोडा वेळ वर्गात बसाल?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पाळी संपवून ती थेट तिथेच आली. अंगाला पिठाचा वास, बसायला मुलांची इवलीशी खुर्ची. पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला होता. मुलीवर नजर ठेवायला आलेल्या आईसाहेबांचा पाहता पाहता डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. मुंगी एकेका मुलापाशी जाऊन ओठांवर बोट ठेवत होती. "आई झोपलीय," ती कुजबुजत होती. "तिला रात्री काम असतं." आणि पोरंही शहाण्यासारखी गप्प.

"जागा तिचीच आहे," बाई हळूच आईला म्हणाल्या. "शाळेत जाईपर्यंत. त्याची काळजी नको."

आईला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिचा शांतपणा आपण चारचौघांत मिरवला, ती एवढीशी पोर इतके दिवस आपल्या झोपेची राखण करत होती. तिला भरून आलं, पण रडत बसणाऱ्यांतली ती नव्हे. समोर कुणीतरी ठोकळ्यांचा मनोरा रचला होता. तिने त्याला सणसणीत फटका मारला. ठोकळे धडाधड फरशीवर.

मुंगी जागच्या जागी थिजली. तिने आईकडे पाहिलं. आई टक्क जागी होती आणि हसत होती.

"पुन्हा रच," आई म्हणाली. "आता तू पाड."

मुंगीने रचला. दोन्ही हातांनी पाडला. आणि मग ओरडली. काय ओरडली ते कुणाला कळलं नाही, पण पलीकडच्या वर्गातल्या बाई काय झालं म्हणून बघायला आल्या.