तुळशीच्या लग्नातली कासवं

गेल्या वर्षी तुळशीच्या लग्नात आम्ही आमच्या दोन कासवांचंही लग्न लावलं. नंतर थोरलं धाकट्यावर सारखं चढायचं, म्हणून अंड्यांसाठी कौतुकाने वाळू पसरली. धाकट्याने मात्र खाणं सोडलं.

डहाणूला जनावरांच्या डॉक्टरकडे बाकावर शेजारी नरपडची एक बाई होती. कोंबडीची टोपली खाली ठेवून तिने दोघांना तान्ह्या बाळासारखं अलगद उलटं केलं, पोटावरून बोट फिरवलं.

"दोन्ही नर हायेत, ताई. पोटाला खळगा बघा, शेपूट पण लांब. हे प्रेम नाय, दादागिरी हाय. मीपण अंड्यांची वाट बघत बसले, नि माझा एक गेला. वेगळे ठेवा."

आभार मानायच्या आत तिचा नंबर लागला.

यंदा तुळशीच्या लग्नाला आमचे दोघेही हजर होते. वेगवेगळ्या टोपल्यांत, वऱ्हाडी म्हणून.